संशय चुकीच्या डिस्कवर: घरी संगणक जोडण्याचा माझा अनुभव

मी गेली अठरा वर्षे घरूनच पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे, म्हणजे डीटीपीचे, काम करते. जानेवारीत माझा जुना संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. मदरबोर्ड गेल्याचे निदान झाले आणि इतक्या जुन्या बोर्डाला जोड शोधत फिरण्यापेक्षा सुटे भाग आणून नवा संगणक स्वतःच जोडावा, असे मी ठरवले. त्यात हौस होतीच, पण त्याहून मोठी अडचण जुन्या संगणकातील दोन हार्ड डिस्कची होती. एक १ टीबीची, बरीच जुनी. दुसरी २ टीबीची, नंतर घेतलेली. सगळ्या पुस्तकांच्या फाइली, त्यांचे जुने फाँट, मुखपृष्ठांची चित्रे त्या दोन डिस्कवर होती आणि हल्लीच्या अनेक लहान कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची दोन डिस्क बसत नाहीत.

फेब्रुवारीत खरेदी झाली. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा सहा कोअरचा प्रोसेसर घेतला, कारण त्यात चित्रासाठीची सोय आतच असते आणि माझ्या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याच्या खोक्यातच त्याला थंड ठेवणारा कूलरही मिळतो. बी६६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी ५०० जीबीची एम.२ एसएसडी आणि सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस असे बाकीचे सामान होते. प्रकाशकांकडे जाण्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात माझे येणे-जाणे असतेच. तिथून चार पावलांवरच्या तपकीर गल्लीतून केबली आणि पुढे एक जादा पंखाही घेतला. जोडणीला माझा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला भाचा कर्वेनगरला आमच्या घरी आला होता, परंतु स्क्रू-ड्रायव्हर माझ्याच हातात राहील, ही अट मी आधीच घातली होती.

जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू केली. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवून वरची पट्टी दांडीने दाबताना जो करकर आवाज होतो, त्याने कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण तो आवाज व्हायचाच असतो. तेवढ्यात सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण आपोआप उडून पडते, तेही जपून ठेवावे, कारण पुढे बोर्ड वॉरंटीत द्यायचा झाला तर ते लागते. इथपर्यंत सगळे नीट झाले. चूक त्यानंतर झाली. बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी पक्का केला आणि मगच कूलर बसवायला घेतला. या कूलरला चार कोपऱ्यांत चार पुश पिना असतात. त्या बोर्डाच्या भोकांतून आरपार दाबायच्या, म्हणजे पलीकडे त्यांचे पांढरे पाय फाकतात आणि कूलर घट्ट धरला जातो. प्रत्येक पिन बसताना ‘खट्’ असा आवाज येतो. मला तीन आवाज ऐकू आले. बोर्ड वाकत असल्याचे पाहून चौथ्या पिनेवर अधिक जोर द्यायला मी धजावले नाही आणि बोर्डाची मागची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याआड गेल्याने पाहूनही खात्री करता येईना. “मावशी, बसली असेल,” असे भाचा म्हणाला, आणि मलाही तेच ऐकायचे होते.

संगणक पहिल्याच फटक्यात सुरू झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तक्रारीला जागा नव्हती, कारण मजकूर लावण्याच्या कामात प्रोसेसरवर ताण येतोच कुठे? एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकू लागला आणि माझी खोली पश्चिमेची. त्यातच सहाशे पानांच्या सचित्र पुस्तकाची छपाईसाठीची पीडीएफ काढायची वेळ आली. पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला, पीडीएफ अर्ध्यावर येऊन रेंगाळू लागली. तापमान दाखवणारी प्रणाली उतरवून पाहिली, तर प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसवर होता. या प्रोसेसरची तीच कमाल मर्यादा आहे. तिथे पोचल्यावर तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे मशीन बिघडलेले नव्हते, जीव मुठीत धरून काम करत होते. हार्ड डिस्कही ५२ अंशांवर होत्या. त्याच आठवड्यात २ टीबीची डिस्क फाइली उतरवता उतरवता दोनदा विंडोजमधून नाहीशी झाली आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत दिसू लागली.

मी सगळ्याचे खापर उन्हाळ्यावर फोडले. कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, त्यामुळे प्रोसेसरही तापतो आणि डिस्कही मरायला टेकली आहे, असा माझा पक्का समज झाला. म्हणून पुढच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवला. काहीच फरक पडला नाही. तेव्हा देवघरातली उदबत्ती आणून पुढच्या जाळीसमोर धरली. धूर आत ओढला जायला हवा होता, तो माझ्याच तोंडावर आला. पंखा उलटा बसला होता. ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, एवढे लक्षात ठेवले असते तर उदबत्तीची वेळ आली नसती. पंखा फिरवून बसवल्यावर डिस्क ४३ अंशांवर आल्या, कारण त्यांचा पिंजरा त्या पंख्याच्या नेमका समोर आहे. प्रोसेसर मात्र १०० वरच राहिला.

डोके इथे चालवायला हवे होते, आणि सुदैवाने या वेळी ते चालले. कॅबिनेटची बाजूची झडप पूर्ण उघडून ताण देणारी चाचणी पुन्हा चालवली. आकडा हलला नाही. हवा अडल्यामुळे तापमान वाढते तेव्हा ते सावकाश, काही मिनिटांत चढते, कारण आधी कूलरचा धातू तापावा लागतो. माझ्याकडे चाचणी सुरू केल्यावर काही सेकंदांतच ते ५० वरून ९५ च्या पुढे उडी घेत होते. मग संगणक बंद करून लगेच कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना हात लावला, तर त्या जेमतेम कोमट. खाली शंभर अंश आणि वर कोमट, याचा अर्थ उष्णता वर पोचतच नव्हती. कूलर प्रोसेसरला नीट टेकलेलाच नव्हता.

बोर्ड बाहेर काढला आणि उलटा करून पाहिला. तीन पिनांचे पाय फाकलेले होते. चौथीचे भोकाच्या तोंडाशीच दुमडले होते. कूलर काढण्यासाठी पिनांची डोकी त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढावी लागतात. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवणारा लेप, एका कोपऱ्यात दाबलीच गेली नव्हती, तिथे तिचा जाड थर जसाच्या तसा होता. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, वाटाण्याहून किंचित लहान असा नव्या पेस्टचा ठिपका मधोमध ठेवला, दुमडलेले पाय चिमटीने सरळ केले आणि या वेळी बोर्ड बाहेरच ठेवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना आळीपाळीने दाबल्या. प्रत्येक पिन मागून डोळ्यांनी पाहिली. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, डोकावल्यावर दिसले की, प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ६५ वॉटची असताना बोर्डाने ती आपणहून सैल सोडली होती. ती पुन्हा ६५ वर आणली. आता त्याच खोलीत, भर दुपारी, त्याच चाचणीत तापमान ७९ अंशांवर थांबते.

आता तरी डिस्क गायब होणार नाही असे वाटले होते. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तेव्हा डिस्कने स्वतःविषयी साठवलेली स्मार्ट नोंद मी पहिल्यांदा बारकाईने वाचली. क्रिस्टलडिस्कइन्फो ही प्रणाली तिचे मूळ आकडे सोळाच्या पायावर दाखवते, हे ठाऊक नसल्यामुळे आधी बराच घोटाळा झाला. सेटिंगमध्ये ते दशमानात करता येतात. २ टीबीच्या डिस्कवर खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे लहान कप्पे) बदलल्याची नोंद, म्हणजे ०५, शून्य होती. वाचता न येणारे सेक्टर मोजणारी सी५ ही नोंदही शून्य. फक्त सी७ समोर ‘डी८’, म्हणजे २१६, होते. सी७ ही सीआरसी चुकांची मोजणी आहे: डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये माहिती वाटेत बिघडल्याचे ते चिन्ह असते आणि त्यात बहुधा दोष केबलचा निघतो. झडप काढून पाहिले तर डिस्क बोर्डाला जोडणारी सरळ टोकाची साटा केबल मागच्या पत्र्याने दाबून काटकोनात मोडली होती. वाकड्या टोकाची आणि खटका असलेली केबल तपकीर गल्लीतच शंभर रुपयांच्या आत मिळाली. दुकानदाराने “ताई, एक जादा घेऊन ठेवा” म्हटले आणि मी दोन घेतल्या.

त्याच बैठकीत १ टीबीच्या डिस्कचीही नोंद उघडली, ती केवळ रीत म्हणून. तिने मला कधीही त्रास दिला नव्हता. तिच्या सी५ समोर ८ होते. दुसऱ्या दिवशी १२ झाले. या सेक्टरांतला मजकूर डिस्कला वाचता येत नव्हता.

गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बिघाडाचा तापमानाशी मानला जातो तेवढा घट्ट संबंध त्यात आढळला नाही. उलट तपासणीत पहिली वाचन-चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बिघडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे दिसले. हे भाच्याने वाचून दाखवले तेव्हा, ५२ अंशांच्या आकड्याकडे बघत मी दोन आठवडे घालवले होते, हे मनाला लागले.

१ टीबीच्या डिस्कची प्रत २ टीबीच्या डिस्कवर आहे असे मी कायम धरून चालले होते. तपासले तर ती २०१९ पर्यंतचीच निघाली. त्यानंतरचे काम एकाच जागी होते. म्हणून ४ टीबीची नवी डिस्क आणली. विंडोजमध्ये ती ३.६३ टीबी दिसते, कारण विंडोज १०२४च्या पटीत मोजते, आणि डिस्कवरची जागा मांडण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीने तयार केली तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. त्याऐवजी जीपीटी ही नवी पद्धत निवडावी लागते. बिघडत्या डिस्कवर विंडोजची दुरुस्ती-तपासणी चालवायचा मोह टाळला, कारण ती तपासणी डिस्कला आणखी दमवते. त्याऐवजी लिनक्स असलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यू ही आज्ञावली चालवली. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळते.

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी बंद ठेवतात आणि त्या दिवशी गुरुवार आहे, हे मी विसरले होते. साडेदहाला वीज गेली तेव्हा उचल सत्तर टक्क्यांवर होती आणि माझा जुना यूपीएस दहा मिनिटांत बसला. परंतु डीडीरेस्क्यू आपण कुठवर आलो याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवत जाते. ती फाइल मी पेनड्राइव्हवर ठेवली होती, त्यामुळे संध्याकाळी वीज आल्यावर काम तिथूनच पुढे सुरू झाले. शुक्रवारी रात्री शेवटची फेरी संपली. एकूण ४८ केबी मजकूर हाती लागला नाही. तो एका मुखपृष्ठाच्या मोठ्या चित्रात होता. चित्रकाराकडे मूळ प्रत होती, ती त्यांनी पाठवून दिली.

१ टीबीची डिस्क आता कपाटात, कागदात गुंडाळून ठेवली आहे. २ टीबीच्या डिस्कवरचा सी७ आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही, ती मोजणी कधीच मागे जात नाही. पाहायचे असते ते तो वाढतो का, एवढेच. आज सकाळी पाहिला तेव्हा तो २१६ होता.