नवरा नाशिकला, रिटर्न न्यू जर्सीतून

२०२३ च्या डिसेंबरात नाशिकला आमचं लग्न झालं. मी अमेरिकन नागरिक, नवरा भारतीय. त्याच्या व्हिसासाठी आय-१३० (जोडीदाराला अमेरिकेत आणण्यासाठीचा अर्ज) भरून मी न्यू जर्सीला परतले, तोवर टॅक्सचा हंगाम तोंडावर आला होता. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच सल्ला दिला: तो इथे राहत नाही, त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तू आपलं ‘सिंगल’ म्हणून भरून टाक. असं करू नका, हे सांगण्यासाठीच मुख्यतः लिहिते आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर टॅक्सच्या दृष्टीने ते अख्खं वर्ष विवाहित. मग जोडीदार जगात कुठेही असो. घरात मूल किंवा तुमच्यावर अवलंबून असलेलं कुणी असेल तर ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ (कुटुंबप्रमुख) ही श्रेणी बसते का ते तपासता येतं. माझ्याबाबतीत तो प्रश्न नव्हता.

मग उरतात दोन वाटा. वेगळं रिटर्न भरायचं, तर नवऱ्याच्या नंबराच्या जागी ‘एनआरए’ (नॉनरेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी परदेशी) लिहायचं आणि त्याच्या भारतातल्या कमाईचा विषयच येत नाही. एकत्र भरायचं, तर अमेरिकी करकायद्याच्या कलम ६०१३(जी) खाली त्याला वर्षभरासाठी अमेरिकेचा रहिवासी मानावं, असं निवेदन दोघांनी सह्यानिशी लिहून द्यायचं. तसं केलं की त्याची जगभरातली कमाई रिटर्नमध्ये येते, लग्नाआधीच्या महिन्यांचीसुद्धा. पगार, एफडीचं व्याज, इतकंच काय, भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजही. नवरा म्हणाला, “मी तिथे पाऊलही ठेवलं नाही, आणि माझा पगार तिथल्या कागदावर?” त्याचं म्हणणं मला पटत होतं. म्हणून आधी आकडे मांडू, मग ठरवू, असं आम्ही ठरवलं.

माझा पगार साधारण ८५,००० डॉलर. त्याचा वर्षाचा नऊ लाख रुपये. २०२३ च्या सरासरी दराने, म्हणजे डॉलरला ८२ रुपयांच्या थोडं वर, सुमारे ११,००० डॉलर. त्या वर्षी वेगळं भरलं तर प्रमाणित वजावट होती १३,८५० डॉलर, एकत्र भरलं तर २७,७००. म्हणजे त्याच्या कमाईपेक्षा वाढलेली वजावटच जास्त. शिवाय वजावटीनंतर उरलेल्या कमाईवर वेगळं भरताना ४४,७२५ डॉलरच्या पुढे २२ टक्के लागत होते, एकत्र भरताना ८९,४५० पर्यंत १२ टक्केच. फरक तीन हजार डॉलरच्या आसपास निघाला, म्हणून आम्ही एकत्र भरायचं ठरवलं. पण जोडीदाराचा पगार मोठा असेल किंवा त्याला भाडं येत असेल, तर हेच गणित उलटं फिरू शकतं. तिथे भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट धरून दोन्ही बाजू मांडून बघा.

सगळ्यात किचकट काम वर्षांचं होतं. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे फॉर्म १६ मधला आकडा जसाच्या तसा चालत नाही. बारा पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे घेऊन बेरीज करावी लागली. त्याच्या एसआयपीचीही धास्ती होती, कारण भारतीय म्युच्युअल फंड इथे ‘पीएफआयसी’ (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) ठरतात आणि त्यांचा फॉर्म ८६२१ फार जाचक आहे. त्याचे फंड ग्रोथ पर्यायातले (लाभांश न देणारे) होते, वर्षभरात एकही युनिट विकलेलं नव्हतं आणि एकूण किंमत ५०,००० डॉलरच्या बरीच खाली होती, म्हणून त्या वर्षी तो भरावा लागला नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर नसल्यामुळे त्याच्यासाठी आयटीआयएन, म्हणजे त्याऐवजी फक्त करासाठी मिळणारा क्रमांक, हवा होता. त्याचा डब्ल्यू-७ अर्ज रिटर्नसोबतच कागदावर जातो, ऑनलाइन भरता येत नाही. पासपोर्टची नोटरी केलेली प्रत चालत नाही, आणि व्हिसाच्या काळात मूळ पासपोर्ट आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) टेक्सासला पाठवायला आम्ही तयार नव्हतो. आयआरएसने मान्यता दिलेले एजंट पासपोर्ट तपासून तो लगेच परत देतात. असे एजंट भारतातही आहेत. मी फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून घेतली (कर मात्र १५ एप्रिललाच भरलेला असावा लागतो), माझी सही केलेलं रिटर्न आणि निवेदन कुरियरने नाशिकला पाठवलं. नवऱ्याने त्यावर सह्या केल्या, मुंबईच्या एजंटाकडे पासपोर्ट दाखवला आणि सगळा गठ्ठा तिथून टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेला.

नाशिकच्या बँकेत आमचं जोडखातं आहे. परदेशातल्या माझ्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. तो रिटर्नबरोबर जात नाही, वेगळा ऑनलाइन भरायचा असतो.

दीड-दोन महिन्यांनी आयटीआयएनचं पत्र आलं, नंतर परतावा. एकत्र भरण्याच्या निवडीचं ते निवेदन पुढच्या वर्षी पुन्हा जोडावं लागत नाही, निवड आपोआप चालू राहते. मात्र एकदा मागे घेतली की त्याच जोडीदारासोबत पुन्हा कधीच करता येत नाही, म्हणून सही करण्याआधी आम्ही पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाजही मांडला होता. ग्रीन कार्डनंतर त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळेल, तेव्हा आयटीआयएन वापरणं बंद करून दोन्ही नोंदी एकत्र करण्यासाठी आयआरएसला पत्र पाठवायचं आहे.