मिरचीवरचा मावा: आमचा पेडण्यातला अनुभव

आम्ही गोव्यात पेडण्यातले, हरमलच्या जवळचे. भात कापून झालं की मिरची आणि कडेने आळसांदे (आमची चवळी), हे आमच्याकडे आधीपासून चालत आलेलं, आणि हरमलच्या मिरचीला जीआय, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून सरकारी मानांकन, मिळाल्यापासून तर लोक बियाण्यालासुद्धा विचारायला लागलेत. गेल्या हंगामात तुळशीचं लग्न झाल्यावर रोपं लावली, मस्त जीव धरला. मग डिसेंबरात मध्येच ढगाळ हवा झाली आणि खालची पानं चकचकीत दिसायला लागली, हात लावला तर चिकट. वरचं पान उलटं केलं तर खाली मावा, हिरवट पिवळा, शिरेला चिकटून बसलेला. तो चिकटा म्हणजे त्याचीच घाण. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रोटीनचा माल कमी, म्हणून तो ढसाढसा रस पितो आणि जास्तीची साखर मागून सोडतो, ती खालच्या पानावर पडते, त्यावर मग काळी बुरशी. पांढरं पांढरं जे चिकटलेलं असतं ना, त्या त्याच्या काती, ती काही वेगळी कीड नाही.

मला नाद लागला भिंग घेऊन बघायचा. एक जाडी मादी होती, तिच्या मागून पिल्लू बाहेर येत होतं, मागचा भाग आधी, पाय सुटले की लगेच पानावर उभं आणि सोंड टोचायला तयार. अंडी नाहीत, नर नाही, आपल्याकडे तशी थंडीच पडत नाही त्यामुळे सगळा कारभार माद्यांचाच. आणि आईच्या पोटात जे पिल्लू वाढतंय त्याच्याही पोटात पुढचं पिल्लू धरलेलं असतं. चार वेळा कात टाकली की साधारण आठवड्यात ती पोरगी स्वतः पोरं घालायला लागते, म्हणून परवा चार दिसले आणि आज शेंडा भरला असं होतं. गर्दी झाली की पंखवाले निघतात आणि दुसऱ्या वाफ्यात जातात.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, आधी राख मार." मारली, दवावर. राख जिथे पडते तिथे थोडा फरक पडतो पण हा बसतो पानाच्या खाली, तिथे राख पोचवणार कोण. दुकानदाराने दोन औषधं मिसळून एकदम मारायला सांगितलं. मी केमिकलच्या विरोधात नाही, पण हिरवी मिरची सतत तोडायची असते, तोडणीआधी किती दिवस थांबायचं हा प्रश्न असतोच, फुलावर मधमाशा असतात, आणि पायरेथ्रॉइडवाली औषधं मारली की मित्रकीटक आधी मरतात आणि मग मावा दुप्पट जोमाने येतो.

शेतकी खात्याच्या झोनल ऑफिसातल्या मॅडम शेतावर आल्या, त्यांनी एकच काम सांगितलं, आधी पानाखाली कोण कोण आहे ते बघा. बघितलं तर अर्धी फौज आपलीच होती, माव्याला खाणारी. ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी, तिला आमच्या शेजारच्या काकी कीड समजून चिरडत होत्या. सिरफिड माशीच्या अळ्या होत्या, पारदर्शक, बिनपायाच्या. आणि काही मावे फुगून तपकिरी झालेले, हलत नव्हते, ते मम्मी, म्हणजे आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढतेय, काहींच्या पाठीला तर गोल भोक पडलेलं, माशी निघून गेलेली. हे जिथे दिसलं त्या वाफ्यांना आम्ही हातच लावला नाही.

मजा म्हणजे हे ढालकिडे आळसांद्यावर जास्त होते. तिथला मावा काळा, तो सहसा मिरचीवर वसाहत करत नाही, पण ढालकिड्यांना तिथे खायला मिळतं आणि तिथून ते मिरचीवर येतात. तरी त्या काळ्याचे पंखवाले मिरचीवर टोचून बघतात आणि व्हायरस देऊन जाऊ शकतात, म्हणजे निव्वळ फायदा असंही नाही.

बाकी वाफ्यांत काय केलं तर युरिया बंद, कारण कोवळा लुसलुशीत शेंडा म्हणजे ह्यांना आमंत्रण. काळ्या मुंग्या चिकट्यासाठी माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात, त्या झाडाला टेकलेल्या गवतावरून चढत होत्या म्हणून गवत काढलं. सकाळी पंपाचं नोझल खालून वर धरून नुसतं पाणी जोरात मारलं, पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. मग 1500 पीपीएमचं निमतेल लिटरला 5 मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी, पानाच्या खालून. आणि जिथे तरी हटला नाही तिथे व्हर्टिसिलियम लेकॅनी, लिटरला 5 ग्रॅम. ही बुरशी आहे, तिला ओल लागते, आमच्याकडे समुद्राची दमट हवा आणि पहाटेचं दव असल्यामुळे चांगली चालली, काही दिवसांनी मावा पांढऱ्या कापशीने झाकलेला दिसायला लागला. तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नका, ती स्वतःच मरेल.

खरा ताप व्हायरसचा. काही झाडांची पानं फिकट गडद हिरव्या ठिपक्यांची, अरुंद झाली, तो मोझॅक. पान वर वळलं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, म्हणून प्रत्येक मुरडलेल्या पानाला माव्याचं नाव देऊ नये. पण मोझॅकला औषधच नाही. पंखवाला मावा रोगट झाडाला सोंड टोचतो, काही सेकंदात व्हायरस सोंडेच्या टोकाला लागतो आणि पुढच्या झाडाला टोचलं की दिला, औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. ती झाडं उपटून जाळली, जीव तुटत होता कारण फुलं लागलेली होती. शिगम्यापर्यंत बाकीची मिरची उभी राहिली, सुकवून पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करायच्या, वेळी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात गेली.

यंदा रोपवाटिकेवर बारीक जाळीचं नेट घातलंय आणि शेताच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी, मिरची लावायच्या आधीच पेरलेल्या. पंखवाला मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे टोचून बघतो आणि सोंडेवरचा व्हायरस तिथेच पुसला जातो, मक्याला त्याचं काही होत नाही. चांदी रंगाचा मल्चिंग पेपर पण चालतो म्हणे, त्याच्या चकाकीने मावा उतरत नाही, पण त्याचा खर्च आमच्या एवढ्याशा शेताला झेपणारा नाही, मक्याची कणसं निदान पोरं भाजून खातात.