तेलाची बाटली काट्यावर ठेवली तेव्हा

वजन ७९ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, वय ४६, रक्तदाब १४२/९०. डॉक्टरांनी कागदावर ८ लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. "एवढे किलो उतरवा, पुढचं पुढे बघू. दहा टक्के उतरलं तरी रक्तदाबात फरक पडतो." आठ ऐकून मी खट्टू झाले. माझ्या मनात वीस होते, तेही तीन महिन्यांत.

तीन महिन्यांचं खूळ मी एकदा करून बसले होते. चार वर्षांपूर्वी, दिवसाला ८०० कॅलरी. दोन महिन्यांत सहा किलो गेले आणि सगळीकडून कौतुक झालं. रात्री मात्र अंथरुणात पडून स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचे, एकामागून एक, तासन् तास. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले. वर्ष संपायच्या आत गेलेले सहा परत आले, येताना आणखी दोन घेऊन. पुढे कधीतरी वाचनात आलं की १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने गरजेच्या साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते! वाचून जिवाला बरं वाटलं. चार वर्षं मी उगाच माझ्या जिभेला शिव्या घालत होते.

तर या खेपेला उपास नाही, फक्त चालायचं असं ठरवलं. रोज पंचेचाळीस मिनिटं, झपझप, साधारण चार किलोमीटर. मनगटावरचं घड्याळ ३१० कॅलरी खर्च झाल्याचं सांगायचं आणि मी खूश होऊन घरी यायचे. महिना झाला, वजन ७८.८. मी जो भेटेल त्याला सांगत होते, "अहो, मी काही खातच नाही हो."

मग स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा डिजिटल काटा घेतला. पहिल्या दिवशी तेलाची बाटली त्यावर ठेवली : ४१२ ग्रॅम. नेहमीसारखं कढईत तेल ओतलं, हात आखडता न घेता, कारण खरं काय ते बघायचं होतं. बाटली परत ठेवली : ३८१.

"बाटली का तोलतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"थांब जरा, हिशेब करू दे."

एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. ३१ ग्रॅमचे झाले २७९. भाजी दोघांची, म्हणजे माझ्या वाट्याला १४०. माझी समजूत होती की मी दोन छोटे चमचे तेल घालते, म्हणजे वाट्याला ४० कॅलरी. एका वेळेला १०० चा फरक, दिवसातून दोनदा. आता चालण्याची बाजू. माझ्या वजनाच्या बाईला चार किलोमीटर चालायला सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी लागतात, आणि त्यातल्या साठेक तर तेवढा वेळ नुसती खुर्चीत बसले असते तरी खर्च झाल्याच असत्या. हाती उरतात पावणेदोनशे. म्हणजे सकाळी घाम गाळून जे मिळवत होते ते दोन वेळा कढईत ओतून मोकळी होत होते. त्या संध्याकाळी मूठभर बदामही तोलले. मूठ माझी छोटी आहे अशी माझी कल्पना होती. ३८ ग्रॅम निघाले, २२० कॅलरी.

यात मी एकटीच मूर्ख नाही, हे मागाहून कळलं. १९९२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात 'कितीही कमी खाल्लं तरी वजन हलत नाही' म्हणणारी माणसं तपासली होती. ती खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. आणि ही माणसं जाणूनबुजून खोटं बोलत होती असंही नाही. मीही बोलत नव्हते. अंदाजच आपल्या बाजूने झुकलेला असतो.

हिशेब एकदा नीट मांडला. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं सूत्र आहे : वजनाची दहापट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची पाचपट, त्यातून बायकांसाठी १६१ वजा (पुरुषांसाठी उलट ५ मिळवायचे). माझं आलं १,३८६. एवढं शरीर नुसतं पडून राहून जाळतं. माझ्या दिनक्रमासाठी त्याला १.४ ने गुणलं, १,९४०. खायचे ठरवले १,५५०. म्हणजे रोज ३९० ची तूट. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्या हिशेबाने महिन्याला दीड किलो. सूत्र म्हणजे अंदाजच, शंभर-दोनशे इकडे-तिकडे सहज होतं. पण सुरुवातीला कुठेतरी पाय रोवायला बरं पडतं.

पहिल्याच आठवड्यात १.९ किलो उतरलं आणि मी हवेत. हिशेबाप्रमाणे चरबी जायला हवी होती ३५० ग्रॅम. बाकी बहुतेक पाणी. शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतं, आणि एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी तो साठा उतरतो, पाणी सुटतं. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे एखाद्या खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो, आणि तो किलो चरबीचा नसतो. हे समजलेलं असूनही मी काट्यावर रडले आहे, खोटं का सांगू. चौथ्या महिन्यात ७३.६ वर सलग बावीस दिवस अडकले. पाळी जवळ आली होती, त्यात व्यायाम नुकता वाढवलेला, आणि दुखऱ्या स्नायूंतही पाणी धरलं जातं. तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी एकदम १.१ किलो गेलं. मधल्या काळात कंबर मात्र तीन सेंटिमीटरने उतरली होती. टेप लावायचं सुचलं म्हणून दिसलं. तेव्हापासून रोजचा आकडा लिहून ठेवते, पण बघते फक्त आठवड्याची सरासरी, आणि तीही मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून. बाईच्या शरीराला हाच हिशेब लागू पडतो.

व्यायामाचं माझं मत थोडं कडू आहे. वजन उतरवायला तो फारसा कामाचा नाही, उतरलेलं टिकवायला फार कामाचा आहे. दहा हजार पावलांचा आग्रह मी सोडला. तो आकडाच मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातला, 'मानपो-केई', दहा हजार पावलांचं मीटर. माझी सात हजार होतात, बास.

खरा फरक पडला ताकदीच्या व्यायामाने. तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं, आणि ८०० कॅलरींच्या खेपेला माझं तेच झालं असणार, कारण जिना चढताना मांड्या थरथरायच्या. आता आठवड्यातून दोनदा, पंचवीस मिनिटं. सुरुवात अगदी हास्यास्पद होती. खुर्चीवर हात न टेकता बसायचं-उठायचं, दहा वेळा. सहाव्याला गुडघा कुरकुरला म्हणून खुर्चीवर उशी ठेवून ती उंच केली. भिंतीला हात टेकून दंड. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या डंबेल म्हणून. दोन महिन्यांनी उशी काढली, सहा महिन्यांनी तीन किलोचे खरे डंबेल आले. जोडीला प्रथिनं दिवसाला ८५-९० ग्रॅम. ही गाठायला मला कॅलरी कमी करण्यापेक्षा जास्त डोकं चालवावं लागलं, पण पोट भरलेलं राहण्याचं निम्मं श्रेय त्यांचं. रात्रीचे व्हिडिओ आपोआप बंद झाले.

किती महिने लागले? कागदावरच्या हिशेबाने अकरा किलोंना नऊ-दहा महिने, प्रत्यक्षात तेरा. मधे दोन लग्नं, एक आजारपण, आणि पंधरा दिवस असे की नोंदी ठेवायचा कंटाळा आला म्हणून ठेवल्याच नाहीत. शिवाय शेवटी वेग मंदावतो, त्याला इलाज नाही. ६८ किलोच्या शरीराला ७९ च्या शरीराएवढं लागत नाही. माझा खर्च १,७८० वर आला होता, तेव्हा त्याच १,५५० वर तूट उरली २३०, महिन्याला जेमतेम ९०० ग्रॅम. आणखी कमी खाऊन वेग वाढवता आला असता. मी तसं केलं नाही. चार वर्षांपूर्वीची उशीवरची केसं आठवत होती.

रक्तदाब आता १२६/८० च्या आसपास असतो. डॉक्टरांनी तो गोल केलेला ८ पुन्हा पाहिला आणि खाली तारीख घातली.

नोंदी ठेवणं बंद करून सात महिने झाले. जेवण आता नजरेने वाढते, ती नजर वर्षभरात तयार झाली. तेल मात्र अजून तोलते, कारण त्या बाबतीत माझ्या हातावर माझा काडीचा विश्वास नाही. आठवड्याची सरासरी ६७.५ ते ६९ मध्ये हेलकावे खाते. सत्तरच्या वर गेली तर दोन आठवडे सगळं तोलून लिहायचं, एवढा एकच नियम ठेवलाय. आजवर एकदाच ती वेळ आली, पाय मुरगळून महिनाभर घरात बसले होते तेव्हा. वही काढली, तिसऱ्या दिवशी बदाम काट्यावर ठेवले. ३६ ग्रॅम.