अक्कांची चादर

रविवार, रात्र

चार दिवस झाले, पाऊस उघडायचं नाव घेईना. बेळगावचा जुलै म्हणजे कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, दार फुगून बसतं, हे सगळं मान्य, खरं मला यंदा पाऊस हवाच होता. टेरेसवर आठ दिवस झाले एक जांभ्याचा चिरा ठेवलाय, त्याच्यावर टर्निंगचा, म्हणजे लेथवर सुटणाऱ्या लोखंडी किसाचा गुंता, आणि कामावरून आलो की चहाच्या आधी मी वर. ही म्हणते, एवढं बघायला पोरांच्या वह्या काढल्या असत्या तर पोरं पास तरी झाली असती. बरोबरच आहे की तिचं.

मी उद्यमबागेत मशीन शॉपला. १७ वर्षं झाली. लेथवर माइल्ड स्टील लागलं की टूलखालून लांब कुरळी पट्टी सुटते, सुताराच्या रंध्यातून निघते तशी, फक्त हात लावला तर कापतं. तिचा रंग बघण्यासारखा असतो. टूल जरा गरम चाललं की पट्टी गव्हाळ पिवळी येते, अजून तापलं की जांभळट, मग निळी, मोराच्या मानेसारखी. बीड म्हणजे ओतीव लोखंड लावलं तर मात्र हे काहीच नाही, नुसता काळा भुगा पडतो, कारण बीडात कार्बन ३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि ग्राफाइटचे पापुद्रे असतात, तिथंच चिप तुटते. हा भुगा बोरिंग आणि ती पट्टी टर्निंग, दोन्हीचे ढीग वेगळे, भंगारवाला किलोवर उचलतो. मी सुपरवायझरला विचारून पिशवीभर आणतो, गेटवर दाखवून. वॉचमन अजून विचारतो, याचं करतोस काय गा. काय सांगणार.

चिरा आणला जांबोटीच्या वाटेवरनं, एका पडलेल्या घराचा. मालक म्हणाला दोन घे, दोन न्यायला गाडीत दम नव्हता. जांभ्याचं एक मला लहानपणापासून नवल वाटतं, खाणीत असताना कुऱ्हाडीनं तासता येतो इतका मऊ, बाहेर काढून वारं लागलं की वर्षावर्षानं घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं केरळात हा दगड विटांसारखा कापताना बघितला आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. तांबडा कशानं, तर लोखंडानं. लाखो वर्षांच्या पावसानं बाकीचं धुऊन नेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागं राहिलं. आमची आजी तुळशीवृंदावनाला काव लावायची ती हीच, तेच लोखंड, फक्त भुकटी. म्हणजे मी शिफ्टभर ज्याचा कीस पाडतो ते, आणि घर ज्याच्यावर उभं आहे ते, एकच माल. एक अजून गंजलेलं नाही आणि दुसरं कधीच गंजून मोकळं झालंय.

हे डोक्यात आलं मागच्या वर्षी, आणि तेव्हा केलेलं काम पार फसलं होतं. ते आज लिहूनच टाकतो.

जांभ्याची पातळ लादी, वर तारेनं बांधलेली निळी टर्निंग. ती निळाई जाऊ नये म्हणून वर क्लिअर लॅकरचे तीन हात मारले, तेही पावसाळ्यात, लादी आतून ओली असताना. हॉलमध्ये लावलं. पाहुण्यांनी छान म्हटलं. गणपतीपर्यंत लॅकरला फोड आले, दिवाळीत पापुद्रे गळायला लागले आणि खालच्या सोफ्यावर तांबडी भुकटी. तेव्हा कळलं, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, मूळ धातूच्या दुप्पट-तिप्पट फुगतो, वरचं कव्हर ढकलूनच देतो. दगड घाम गाळतोय आणि मी त्याला प्लॅस्टिकचा सदरा घातलेला. मी १७ वर्षं लोखंडात काम करून हे मला सोफ्यानं शिकवलं.

मधे एकदा खानापूरचा नादही केला. तिथं खादी कमिशनचं कुंभारकामाचं केंद्र आहे, आजूबाजूला भट्ट्या आहेत, माती चांगलीच. एका कुंभारमामांकडे मातीच्या लाद्या थापून त्यात बोरिंग दाबून भाजायला दिल्या. मामा म्हणाले, माती वाळताना आकसती, भाजताना आणि आकसती, तुझं लोखंड आकसणार काय? नाही आकसलं. प्रत्येक दाण्याभोवती चीर. एक लादी ओली राहिली होती ती भट्टीत फुटून शेजारची दोन मडकीही घेऊन गेली, त्याचे पैसे मी दिले. खरं त्या दिवशी मामांनी एकाच मातीच्या दोन पणत्या दाखवल्या, एक तांबडी, एक काळी. हवा खेळती ठेवली की तांबडी, धूर कोंडला की काळी. मातीतलं लोखंड तेच. त्या दोन पणत्या मी मागून आणल्या, खिडकीत आहेत.

म्हणून यंदा ठरवलं, लॅकर नाही, भट्टी नाही, काही नाही. उघड्यावर ठेवायचं आणि पावसाला करू द्यायचं. एकच तयारी, टर्निंगला कूलंटचं, म्हणजे टूल थंड ठेवायला सोडतात ते तेल असतं, ते असेपर्यंत गंज धरत नाही. गरम पाण्यात वॉशिंग सोडा घालून दोनदा उकळली (जुन्या पातेल्यात, हिला न विचारता, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही), मग मिठाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निळाई गेलेली आणि नारिंगी साय धरलेली.

बुधवार

लफडं झालं.

खालच्या अक्कांनी काल संध्याकाळी टेरेसच्या पत्र्याखाली पांढरी चादर वाळत घातलेली, वाऱ्यानं चिमटे सुटले आणि चादर जाऊन पडली बरोबर माझ्या चिऱ्यावर. रात्रभर ओली तिथंच. सकाळी सहाला जिन्यातनं हाक, एनप्पा इदु! म्हणजे काय रे हे! मी ब्रश तोंडात घेऊन वर. अक्का चादर धरून उभ्या. घरात कन्नड, माझ्याशी मराठी, राग आला की दोन्ही. म्हणाल्या, तुक्कु (गंज) लागलं बघ सगळं, आता हे जाणार काय? मी म्हटलं लिंबू-मीठ लावून बघा. बघितलंय, म्हणाल्या, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतंय काय.

मी सॉरी सॉरी म्हणत होतो खरं लक्ष सगळं चादरीवर. मधोमध टर्निंगच्या कुरळ्या उमटलेल्या, एकेक वेटोळं, जिथं पट्टी टेकली तिथं गडद तपकिरी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ओल पसरत गेली तसा नारिंगी रंग फिका फिका होत गेलेला. एका कोपऱ्यात चिऱ्याची कड, भोकाभोकांची, तांबूस. हाताला कुठंच खरखर नाही, रंग सुतात गेलेला. वर्षभर मी दगड आणि लोखंड तारेनं बांधत बसलो, आणि ह्या चादरीत कुठलं दगडाचं आणि कुठलं लोखंडाचं हे मलाच नीट सांगता येईना.

त्या वेळी हे बोलायची हिंमत झाली नाही. नवीन चादर आणून देतो म्हटलं.

शनिवार

सेकंड शिफ्ट असल्यामुळं सकाळी खडेबाजारात जाऊन डबलबेडची पांढरी सुती चादर आणली, अक्कांना दिली आणि जुनी मागितली. कशाला? भिंतीला लावतो. अक्का बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. हिला हाक मारून विचारलं, बरं आहे ना ह्याचं? ही म्हणाली, अक्का, पातेलं पण गेलंय आमचं.

हिनं त्यांना मोबाइलवर चंडीगडचं रॉक गार्डन दाखवलं (माझ्या बाजूनं बोलली, हे नोंदवून ठेवायला पाहिजे). नेकचंद म्हणून रोड इन्स्पेक्टर होता, पाडलेल्या घरांचे तुकडे, फुटक्या बांगड्या, बेसिनचे तुकडे गोळा करून जंगलात गुपचूप पुतळे करत बसला, १८ वर्षं सरकारला पत्ता नव्हता, १९७६ साली ते लोकांसाठी उघडलं. अक्का म्हणाल्या, त्यानं जंगलात केलं, माझ्या चादरीवर नाही केलं. याला उत्तर नव्हतं.

शेवटी आत गेल्या आणि चादर घेऊन आल्या, अर्धीच. उरलेली गुरुवारीच फाडली होती, पायपुसण्याला. माझ्या वाट्याला वेटोळी आलीत, चिऱ्याची कड गेली. ती कड आता त्यांच्या उंबऱ्याबाहेर घडी घालून पडलीय, दुपारी कामाला निघताना मी तिच्यावर पाय न देता लांब टांग टाकून गेलो, आणि अक्का खिडकीतनं बघत होत्या.