पाळीआधीचा आठवडा आणि हनुवटीवरची मुरमे

गेल्या वर्षी सलग चार महिने मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दोन खुणा करत होते: पाळी सुरू झाली की लाल टिंब आणि हनुवटीवर नवे मुरूम दिसले की पेन्सिलीची फुली. आमच्या कोल्हापुरात चेहऱ्यावर पुटकुळी उठली की दोष आधी जेवणाला जातो. "तांबडा रस्सा बंद कर, उष्णता झालीया तुला," असे आत्या दर वेळी सांगायच्या आणि मी रविवारचा रस्सा सोडूनही पाहिला होता. फुल्या मात्र रविवारांभोवती नव्हे, तर दर महिन्याला लाल टिंबाआधीच्या आठवड्यात दाटलेल्या दिसल्या.

पाळी संपत आली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढू लागते, बीजमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि पुढच्या पाळीआधीच्या दिवसांत दोन्ही झपाट्याने उतरतात. टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन संप्रेरके मात्र तितकी उतरत नसल्याने त्यांचा प्रभाव तुलनेने वरचढ ठरतो, तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात आणि ते मृत पेशींसह रोमछिद्रात अडकले की तिथले जीवाणू वाढून सूज येते. रक्ततपासणीत सगळे प्रमाणात असूनही हा त्रास होतो, कारण काहींच्या तैलग्रंथीच अँड्रोजेनला अधिक संवेदनशील असतात.

मला सर्वांत उशिरा उमगले ते हे, की आज दिसणाऱ्या मुरमाचे छिद्र कित्येक आठवड्यांपूर्वीच बुजू लागलेले असते. म्हणून उठलेल्या मुरमावर मलमाचा ठिपका लावून भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले अ‍ॅडापॅलिन जेल, जे छिद्रे बुजू देत नाही, मी रोज रात्री वाटाण्याएवढे घेऊन मुरमे येणाऱ्या सगळ्या भागावर पसरते. गरोदरपणात ते चालत नाही आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. या काळात धीर सुटतो, हे मी जाणते. त्याच अधीरतेने मी पूर्वी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय मलम आणले होते. त्यात स्टिरॉइड होते. आठवडाभर चेहरा नितळ झाला आणि मलम थांबवताच दुपटीने मुरमे उठली. असे मलम मागताच हातात ठेवले जाते, याचा मला आजही संताप येतो.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडवणाऱ्या अंडाशयाशी निगडित विकाराची, तपासणी करून घ्यावी. जाताना दिनदर्शिकेची पाने सोबत न्यावीत. माझ्या डॉक्टरांनी चेहऱ्याआधी तीच पाहिली.