आमची वाटचाल : अकीकाचा खल आणि एक थेंब

‘हे लोक दोन पुडी एकत्र घोटून देतात, त्यात विशेष काय?’ हे वाक्य एका मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाने आमच्याच ग्राहकासमोर उच्चारले होते. इतकी वर्षे लोटली तरी ते माझ्या मनातून गेलेले नाही. आमचा व्यवसाय सहस्फटिकांचा, म्हणजे दोन पदार्थ घोटून दोघांच्या रेणूंचा मिळून एकच नवा स्फटिक घडवण्याचा.

सुरुवातीला आमच्याकडे अकीकाचा एक खल होता आणि सहस्फटिकांवर निस्सीम विश्वास असलेला एक भागीदार होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो पिवळे क्विनोन आणि पांढरे हायड्रोक्विनोन एकत्र घोटून दाखवत असे. द्रावक नाही, आच नाही, तरीही बत्त्याखालची पूड बघता बघता गडद होत जाते. जर्मन रसायनतज्ज्ञ व्होलर यांनी 1844 मध्ये वर्णन केलेले क्विनहायड्रोन ते हेच. मिश्रणात दोन्ही घटक आपापली जाळी, म्हणजे स्फटिकातली रेणूंची मांडणी, टिकवून असतात, तर सहस्फटिकात दोघांचे रेणू मिळून एकच नवी जाळी रचतात, हा फरक त्या एका रंगबदलात माणसाला पटतो.

पुढे सेकंदाला तीस वेळा हलणारी बॉल मिल, म्हणजे जारमधल्या कठीण गोळ्यांच्या आपटण्याने पूड घोटणारे यंत्र, आली. जार एक तृतीयांश गोळ्यांनी आणि एक तृतीयांश पुडीने भरावा, उरलेली जागा मोकळी ठेवावी. ठासून भरलेल्या जारमध्ये गोळ्यांना आपटायला वाव राहत नाही. कोरडे घोटून अडलेले काम दर मिलिग्रॅमला पाव मायक्रोलिटर द्रावक घातल्यावर अनेकदा अर्ध्या तासात पूर्ण होते. 200 मिलिग्रॅमला 50 मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. एवढ्याने काही विरघळत नाही, पण कणांच्या पृष्ठभागावरचे रेणू हलते होतात आणि त्यांना एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडता येतो. तो थेंब कोणत्या द्रावकाचा, यालाही महत्त्व आहे : कॅफीन आणि ग्लुटारिक आम्ल घोटताना द्रावक बदलला की सहस्फटिकाचे रूपही बदलू शकते.

ज्या कामाने आम्ही बुडण्याच्या बेताला आलो, ते कॅफीन आणि ऑक्झॅलिक आम्लाचे होते. नुसते निर्जल कॅफीन दमट हवेत पाणी घेऊन हायड्रेट, म्हणजे पाणी सामावलेला स्फटिक, होते, हा सहस्फटिक मात्र तसा बदलत नाही, म्हणून तो हवा होता. रेणूंचे प्रमाण कॅफीनचे दोन, आम्लाचा एक. दोन्ही पदार्थ ग्राहकानेच पाठवले होते आणि आम्लाच्या बाटलीवर ‘निर्जल’ असे लिहिलेले होते. त्याप्रमाणे आम्ही 388 ग्रॅम कॅफीनला 90 ग्रॅम आम्ल घेतले, काही घाण्यांत सगळा माल काढला आणि पाठवून दिला. महिन्याभरात पत्र आले, की स्फटिकाची ओळख पटवणाऱ्या क्ष-किरण आलेखावर 12 अंशांजवळ सुट्या कॅफीनचे शिखर दिसते, दमट कपाटात माल बदलतो आणि म्हणून तुमची मिल सदोष आहे. देयक अडकले, आणि त्याच प्रतिस्पर्ध्याने हे पत्र आमच्या इतर दोन ग्राहकांपर्यंत पोहोचवले.

आम्ही तीन आठवडे मिलमध्ये दोष शोधत राहिलो. अखेर पहिल्या वर्षापासून आम्हाला नमुने पाठवणाऱ्या एका ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ बाईंनी फोनवर एवढेच विचारले, ‘आम्ल निर्जल आहे, हे तुम्ही स्वतः तपासलेत का?’ तपासले नव्हते. उरलेल्या आम्लातले पाणी कार्ल फिशर या पाणी मोजण्याच्या पद्धतीने मोजले, तेव्हा पाण्याचा वाटा 28 टक्क्यांहून अधिक निघाला. ते डायहायड्रेट होते, म्हणजे आम्लाच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू होते, आणि 90 ग्रॅमच्या जागी 126 ग्रॅम घ्यायला हवे होते. चौथाईहून जास्त कॅफीन जोडीदाराविना उरले होते. आलेखात दिसले ते तेच, दमट हवेत बदलले तेही तेच. आमचा सहस्फटिक जसाच्या तसा होता. वजन दुरुस्त करून काढलेल्या घाण्यात ते शिखर नव्हते, आणि 98 टक्के आर्द्रतेत अनेक आठवडे ठेवूनही आलेख बदलला नाही.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना मी सांगेन, की बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबून तराजूला हात लावू नये. आलेल्या प्रत्येक पदार्थातील पाणी आधी मोजावे आणि प्रत्येक घाण्याचा थोडा माल सीलबंद ठेवावा. आमच्याकडे उरलेले ते आम्ल नसते, तर आमची बाजू सिद्ध झालीच नसती.

दुरुस्त आलेख आम्ही त्या ग्राहकाला रीतसर पाठवले. ते पत्र त्यांनी अजूनही मागे घेतलेले नाही. बाईंनी मात्र त्याच आठवड्यात पुढचा नमुना पाठवला, आणि बाटलीला पाण्याचे प्रमाण लिहिलेली त्यांच्या हातची चिठ्ठी बांधलेली होती.