तुम्ही विचारलंत म्हणून: प्राण्यांच्या मैत्रीची गोष्ट रचायची कशी?

पालक असोत, अंगणवाडीच्या ताई असोत की पहिली-दुसरीचे गुरुजी, प्रश्न फिरून फिरून तोच येतो. प्राण्यांच्या मैत्रीची, एकमेकांच्या मदतीला धावण्याची नवी गोष्ट सांगायला बसलं की तिचा उपदेश होतो आणि तात्पर्य यायच्या आधीच मुलं चुळबुळायला लागतात, यावर काय करायचं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ‘दयाळू हत्ती’ आणि ‘प्रेमळ ससा’ या जोड्या मोडा. हत्ती दयाळू आहे असं पहिल्याच ओळीत सांगितलं की तो दया करणार हे पोरांना कळून चुकतं, मग पुढचं ऐकायचं कशाला? त्याऐवजी प्राण्याच्या अंगापासून सुरुवात करायची. कागदावर तीन रकाने आखा: काय जमतं, काय जमत नाही, कशाची भीती. खार घ्या. दात कुरतडायला पटाईत, बारीक फांदीच्या टोकापर्यंत जाते. उडता येत नाही. शिक्रा हा शिकारी पक्षी आणि मांजर यांची धास्ती. टिटवीचा आवाज लांबवर जातो, अंड्यांजवळ कुणी फिरकलं तर ती थेट डोक्यावर झेपावते. पण फांदी पकडून बसायचं तिच्या पायांना जमत नाही, तिचा सगळा संसार जमिनीवर. यातला मधला रकाना, न जमण्याचा, भरताना हयगय करू नका. गोष्ट त्यातूनच निघते. ज्याला सगळंच जमतं त्याला मित्र लागतच नाहीत.

हे काही माझं शहाणपण नव्हे. पंचतंत्रात ‘मित्रसंप्राप्ती’ या भागात चौघे मित्र आहेत: कावळा लघुपतनक, उंदीर हिरण्यक, कासव मंथरक आणि हरीण चित्रांग. हरीण फाशात अडकतं, कावळा वरून शोधून काढतो, उंदीर फास कुरतडतो. इथवर सोपं आहे. पण मित्राच्या काळजीनं मंथरकही पाणी सोडून रखडत रखडत तिथं येऊन पोचतो, आणि नेमका तेव्हाच पारधी येतो. हरीण पळतं, कावळा उडतो, उंदीर बिळात शिरतो आणि कासव सापडतं. बघा, त्याची माया आणि त्याची चाल दोन्ही एकाच प्रसंगात गुंतल्यात. मग सुटकेची युक्ती: हरणानं पाण्याकाठी मेल्याचं सोंग घ्यायचं, कावळ्यानं त्याचे डोळे टोचत असल्यासारखं करायचं, पारधी कासव खाली टाकून हरणाकडे धावला की उंदरानं दोरी तोडायची. प्रत्येकानं आपल्या अंगातलं एकेकच काम केलं. त्यातलं एक काढा, युक्ती कोसळते. गोष्ट बरोबर जुळली की नाही हे तपासायची माझी कसोटी हीच: एक पात्र वगळून बघायचं. काही बिघडलं नाही तर ते पात्र फुकट जेवायला आलंय.

आता नवी गोष्ट. सोलापुरातल्या पोरांना पारध्याचं जाळं दाखवायला कशाला हवं, बंदी असूनही झाडाझाडांवर लोंबणारा नायलॉनचा मांजा आहेच की. माळाच्या कडेला कडुलिंब, शेंड्याकडच्या बारीक फांदीत होला, म्हणजे कबुतरासारखा लहान पक्षी, अडकलाय. पंख फडफडवला की दोरा जास्त आवळतो. पहिला येतो कावळा. चोचीनं दोरा ओढतो, आणि ओढल्यामुळेच गाठ आणखी बसते. ही फसलेली मदत गोष्टीत हवीच. मन चांगलं असूनही हात चुकीच्या जागी पडू शकतो, हे पोरं इथं न सांगता बघतात. दुसरी येते खार. तिला दोरा तुटेल, पण त्या फांदीवर पानं नाहीत; उघड्यावर गेली तर वरून शिक्रा टिपणार. आणि गलक्यानं मांजर बुंध्याशी येऊन बसलेली.

आता रकान्यांकडे परत जा. कावळ्याला दोरा तोडता आला नाही, पण शिकारी पक्ष्याच्या मागे लागून त्याला पिटाळणं हा कावळ्यांचा हातखंडा. तो काव काव करून चार भाऊबंद गोळा करतो, शिक्रा वैतागून निघून जातो. झाडावर न बसू शकणारी टिटवी खालीच आहे, म्हणून मांजरीनं बुंध्यावर पंजा टाकलेला तिलाच आधी दिसतो. ती ओरडत मांजरीच्या डोक्यावर सूर मारते, पुन्हा मारते, मांजर मागे सरते. तेवढ्यात वर कुर्र कुर्र कुर्र. दोरा तुटतो. होला मात्र लगेच भुर्रकन उडवू नका. आवळलेला पंख आखडलेला असणार. तो फांदीवर बसून राहतो, खार जवळ बसते, उन्हं उतरल्यावर तो पहिल्यांदा पंख उघडून बघतो. लगेच उडवलात तर मघाच्या संकटाला काही वजनच उरत नाही.

खारीनं काय पणाला लावलं तेही दिसलं पाहिजे. मदतीला काहीतरी किंमत पडली नाही तर ती मदत वाटतच नाही, खाऊवाटप वाटते. आणि उपकाराची परतफेड शेवटी घाईघाईनं चिकटवू नका. सिंहानं उंदराला सोडलं, उंदरानं जाळं कुरतडलं, हिशेब चुकता. ती गोष्ट छानच आहे, पण प्रत्येक गोष्ट तशी झाली की मुलं मैत्रीचा व्यवहार शिकतात. त्यापेक्षा मला कबुतरांचा राजा चित्रग्रीव आवडतो. सगळा थवा जाळ्यासकट उडून हिरण्यकाकडे येतो, हिरण्यक आधी राजाचे पाश तोडायला जातो, आणि राजा म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे तोड. त्यात परतफेड कुठं आहे?

पात्रांसाठी लांब जंगलात जायची गरज नाही. इथला माळ पुरून उरतो. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ, पण काळवीट, खोकड (कोल्ह्याची छोटी जात), लांडगा, आणि चंडोल, धाविक हे पक्षी ही त्या माळाचीच मंडळी. त्यांच्या खऱ्या सवयींत गोष्टी तयार पडल्यात. कोतवाल पक्षी स्वतःच्या घरट्याजवळ कावळ्या-घारीला फिरकू देत नाही, म्हणून इतर लहान पक्षी त्याच्याच झाडावर घरटं करतात. सातभाई थव्यानं राहतात आणि एकाच्या पिलांना बाकीचेही भरवतात. गायबगळा गुरांच्या पायाशी चालतो, कारण गवतातून उडणारे किडे त्याला आयते मिळतात. गाईला त्याचं काही देणंघेणं नसतं. असली एकतर्फी सोबतही गोष्टीत यायला हरकत नाही, सगळ्यांनीच गळ्यात गळे घालायला हवेत असं थोडंच आहे?

वयाचं गणित थोडक्यात. तीन-चार वर्षांच्या मुलांना दोन प्राणी, एक अडचण, चार-पाच मिनिटं. पाच ते सात वयाला तीन-चार प्राणी आणि आठ-दहा मिनिटं. सावकाश, थांबत सांगितलं तर मिनिटाला साधारण ८०-१०० शब्द होतात, म्हणजे लिहून काढलीत तर दोन-अडीच पानं. चौघांची खरीखुरी फसवी युक्ती, मेल्याच्या सोंगासारखी, आठ वर्षांच्या पुढं. त्याआधी हरीण खरंच मेलं असं समजून एखादं रडायला लागतं.

सांगताना सोलापुरात एक गोष्ट वेगळी. एका वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी आणि मराठी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. त्यामुळं घोळून म्हणायची ओळ शब्दांची ठेवण्यापेक्षा आवाजाची ठेवा. एका रांगेला खारीचं कुर्र कुर्र, एकीला कावळ्याचं काव काव. पहिल्याच मिनिटाला सगळे आत येतात. गोंधळ होतो तो थांबवताना, कारण चाळीस कावळे एकदा सुटले की आवरत नाहीत. त्यावर उपाय गोष्टीतच घालायचा: टिटवी ओरडली की सगळ्यांनी श्वास रोखून गप्प, कारण मांजर आलीय. छडी-टेबल आपटायची वेळ येत नाही.

मग मागून एक प्रश्न हमखास येतो. “पण मांजरीनं खायचं काय बे?” हा प्रश्न दाबू नका, मांजरीला दूधभाकरीवरही पाठवू नका. ती उपाशी गेली, दुसरीकडे काहीतरी शोधेल, एवढं खरं उत्तर पोरांना पुरतं. हिरण्यकानंही कावळ्याची मैत्री सुरुवातीला नाकारलीच होती: मी तुझं भक्ष्य, आपली मैत्री कशी व्हायची? कावळा दारातून हलेना तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं. लांडग्याचंही तसंच. धनगराच्या घरातल्या पोराला लांडगा गोड करून सांगितलात तर तुमच्या बाकीच्या गोष्टीवरचाही त्याचा विश्वास उडेल. लांडगा भुकेला असू द्या, दुष्ट कशाला करायचा?

तात्पर्याच्या जागी एक प्रश्न ठेवा, तोही चांगलं-वाईट न विचारणारा. “यातून काय शिकलात?” म्हटलं की वर्ग एका सुरात “सर्वांना मदत करावी” म्हणतो, आणि विषय संपतो. “टिटवी त्या दिवशी तिथं नसती तर?” असं विचारा. मग भांडणं होतात, कुणी कुत्रा आणतं, कुणी पाऊस पाडतं, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी गोष्ट त्यांची झालेली असते.

या गोष्टींचा एक परिणाम मात्र आधीच ओळखून ठेवावा. ऐकून झालं की मुलांना खरोखर मदत करायची असते, आणि चुकीची माहिती तिथं महागात पडते. नाग दूध पितो, हे गोष्टीत चुकूनही आणू नका. तो पीत नाही. कासवाची गोष्ट ऐकून कासव आणि पोपट पाळायचा हट्ट धरतील; चांदणी कासव आणि आपला साधा पोपट घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणं गुन्हा आहे. पंख फुटलेलं पिलू खाली दिसलं तर बहुतेक वेळा आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा जवळच्या फांदीवर ठेवायचं आणि लांब जायचं. पक्षी मांज्यानं जखमी झाला असेल तर दोरा ओढायचा नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर अंधारात ठेवायचं, चोचीत पाणी ओतायचं नाही, कारण ते श्वासनलिकेत जातं, आणि मोठ्यांनी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा.

मुलांच्या हातून होण्यासारखं काम हवं असेल तर उन्हाळ्यात मातीचं पसरट भांडं. खोली चार-पाच सेंटिमीटर पुरे. खोल भांड्यात छोटे पक्षी बुडतात. मध्ये एक खडबडीत दगड, किडे-मधमाश्यांनाही बसायला जागा होते. स्टीलचं ताट नको, इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते चटके देतं. भांडं सावलीत, पण झुडपाला चिकटून नको, मांजर तिथंच दबा धरते. पाणी रोज ओतून, भांडं घासून नवं भरायचं. आठवडाभर तसंच राहिलं तर डासांची पैदास होते आणि शेजारच्या काकूंची तक्रार आलीच म्हणून समजा. भांड्याचा वार ज्या मुलाकडं असेल त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं, कोण कोण पाणी प्यायला आलं होतं. पुढच्या गोष्टीची पात्रं त्यातूनच निवडा.